संगीत : मधुकर कुंभोजकर

फडताळाचं दार कर्रर्र वाजलं आणि मी दचकले. माझ्या लेकीला, ओजूला, नुकतंच झोपवलं होतं. थापटून थापटून हात अवघडला, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला होता. घरात इतकी सामसूम, की भिंतीवरच्या पालीनंही पाऊल जपून टाकावं. उठून पाहते, तर बाबा खुर्चीवर चढून सगळ्यात वरच्या फळीत हात घालत होते.

"बाबा, उतरा आधी! काय हवंय?"

"हळू बोल, पोर उठेल."

"पोर तुमच्या दारानं उठेल. काय काढताय एवढं?"

ते खाली उतरले. हातात आईच्या विरलेल्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चौकड्यांची ती साडी मी ओळखली आणि आत काय असणार तेही. लहानपणी ती रेकॉर्ड मला वर्षातून एकदा, दसऱ्याला बघायला मिळायची. शस्त्रांच्या शेजारी पूजेला ठेवायचे तिला. शस्त्रं म्हणजे आमच्याकडे विळी, कात्री आणि बाबांचं पेन.

"उद्या पुण्याहून एक माणूस येतोय," बाबा काळ्या तबकडीवरून फडकं फिरवत म्हणाले. "हिच्यासाठी."

"विकताय?"

"छे गं. तो म्हणे परदेशात पुन्हा काढणार आहेत ही. नवीन. आणि त्यावर नावं छापणार. कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, सगळं." मग खाली बघूनच म्हणाले, "पहिल्या वेळी नव्हती ना छापली."

बाबा जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकून होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांवर जावक क्रमांक घालायचा, हे त्यांचं काम. पण त्याच्या आधी, कॉलेजात असताना, मिरजेतल्या चार पोरांनी मिळून एक रॉक बँड काढला होता. नाव 'द मिराज'. मुंबईच्या कसल्याशा स्पर्धेत ते पहिले आले आणि बक्षीस म्हणून त्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली. गाणं इंग्रजी, 'नॅरो गेज'. आमच्या स्टेशनातून सुटणाऱ्या छोट्या गाडीवरचं. शब्द बाबांचे, चाल बाबांची, गळाही बाबांचा. त्यानंतर बँड मोडला. आई म्हणायची, "तुझ्या बाबांनी आयुष्यात एकच गाणं केलं, पण अख्खं आयुष्य तेच गुणगुणत राहिले." खोटं नव्हतं. दाढी करताना, डब्याला रुमाल बांधताना, गाण्याच्या सुरुवातीची ती गिटारची सुरावट त्यांच्या ओठांवर असायचीच. ऑफिसातून आले की फाटकापाशी तीच शीळ घालायचे आणि मी कुठेही असले तरी धावत सुटायचे.

दुसऱ्या दिवशी नीरद आला. तिशीतला, गोल चष्म्याचा, पाठीवर मोठी सॅक. बाबांना बघून तो आधी वाकून पाया पडला, मग त्यानं सॅकमधून पांढरे हातमोजे काढून हातात चढवले.

"डॉक्टर आहात का?" ओजूनं विचारलं.

"नाही गं, मी रेकॉर्डी गोळा करतो. घाम लागायला नको ना." त्यानं रेकॉर्ड दोन्ही तळव्यांच्या कडांवर अशी धरली, की मला ओजूला पहिल्यांदा हातात घेणारा तिचा बाप आठवला. "काका, ही माझ्याकडे आहे, पण चरा पडलेला आहे तिला. एवढी स्वच्छ मी पहिल्यांदा बघतोय."

मग त्याचा खजिना निघाला. प्लॅस्टिकच्या पाकिटात कॉलेजच्या गॅदरिंगचं अर्धं फाटकं तिकीट. त्यांच्या ड्रमवाल्या बॉबीनं मोडलेली काठी, ती त्यानं बॉबीच्या पुतण्याकडून गोव्यात मिळवलेली. एका काळ्या-पांढऱ्या फोटोत बाबांच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट.

"हा पिवळा होता ना, काका?"

"जांभळा," बाबा म्हणाले आणि चक्क लाजले. "बहिणीच्या परकराचा शिवलेला."

नीरदनं ते ताबडतोब फोनमध्ये टिपून घेतलं. मला हसू आवरेना. जगाच्या पाठीवर कुठेकुठे बसलेली मूठभर माणसं रात्रंदिवस या एका गाण्यावरून भांडतात, हे मला त्या दिवशी कळलं. भांडण मुख्य एकाच गोष्टीचं. ती सुरुवातीची झणझणती सुरावट कुणाची?

"अर्धे म्हणतात चाल तुमची," नीरद चाचरत म्हणाला. "अर्धे म्हणतात, गिटार अश्पाकसाहेबांनी वाजवलीय, तर ती सुरावट त्यांचीच असणार. कंपनी म्हणते, हयात असलेल्या दोघांनी एकाच नावावर सह्या द्यायच्या. नाहीतर नावाची जागा रिकामी सोडणार."

बाबांचा चेहरा उतरला. "रिकामी?"

"पहिल्या वेळेसारखी."

बँडमधले बॉबी आणि श्याम कधीच गेले होते. उरले बाबा आणि अश्पाकचाचा. दोघं एका गल्लीत, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे वाढलेले. चाचांचं घराणं तंबोरे-सतारी करणारं, आणि बाबांच्या घराची मागची भिंत म्हणजे त्यांच्या कारखान्याची भिंत. पण रेकॉर्ड निघाल्यावर वर्षभरात बाबांनी ती गल्ली सोडली ती सोडलीच. गावात कुठंही जायचं असलं तरी लांबचा वळसा घालून जायचे. लोक म्हणत, गाण्यावरून फाटलं दोघांचं. मीही तेच धरून चालले होते.

"त्याला इकडं बोलवा," बाबा म्हणाले.

"मी फोन केला होता. म्हणाले, काम हातात आहे, उठता यायचं नाही. तुम्हीच या."

"मग उद्या दुपारी जाऊ. दुपारी कारखाना बंद असतो त्यांचा."

"काका, माझी गाडी उद्या दुपारची आहे. सकाळीच जाऊन येऊ या."

बाबा रेकॉर्ड पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळू लागले. मला वाटलं, मानापमान आडवा येतोय. रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, एका सहीचा प्रश्न आहे. चाचा नाही म्हणाले तर नाही म्हणाले. पण तुमचं नाव छापून यायलाच हवं. मला हवंय ते."

"तुला कशाला?"

"ओजूला दाखवायला. जावक नंबर दाखवू का तिला?"

ते हसले, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी ओजूचं बोट धरलं. तिनं त्यांचं धरलं, म्हणणं जास्त खरं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा गोडसर वास. मध्ये मांडीवर सतार आडवी घेऊन पांढऱ्या दाढीचे अश्पाकचाचा बसलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हातातली कानस तशीच राहिली.

"मध्या?"

"मीच."

"केस कुठं टाकून आलास रं?"

"तुझ्या दाढीला दिले."

दोघं हसले. नीरदनं फोन काढला होता, तो त्यानं गुपचूप खिशात ठेवला.

"ही लेक व्हय? आणि ही नात? बस बाळा, बस."

ओजू वर बघत होती. "एवढ्या भोपळ्यांची भाजी करणार तुम्ही?"

"भाजी केलीस तर कडूजहर लागंल. ह्यात आवाज ठेवायचा असतोय."

नीरदचे डोळे मात्र भिंतीवर खिळले होते. तिथं खुंटीला एक गिटार लटकत होती. सतारीच्या लाकडाची, सतारीसारखी नक्षी केलेली, पण गिटार.

"हीच ती," तो पुटपुटला. "हात लावू?"

"लाव की. चावत न्हाई."

"पण साहेब, तो झणझणीत आवाज यायला तुम्ही यंत्र कुठलं जोडलं होतं? त्यावर पानंच्या पानं चर्चा झालीय."

"यंत्र?" चाचा खो खो हसले. "अरं, जवारी हाय ती! तारा ज्या हाडाच्या पट्टीवरनं जात्यात ती ही घोडी. ती घासून घासून अशी करायची की तार नुसती वाजत न्हाई, गुणगुणत ऱ्हाते. सतारीला करतोच आम्ही. अब्बांनी गिटारीलाबी करून दिली. मध्याच्या हट्टापायी."

"लई मागं लागलो होतो मी ह्याच्या अब्बांच्या, कादरसाहेबांच्या," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता सैल झाला होता. बोलणं बॉबीवर गेलं, परकराच्या शर्टावर गेलं. नीरदनं कागदाचा विषय काढला, तेव्हा चाचांनी हात हलवला.

"सही कुठं पळून चाललीय? हात लागलाय तवर एवढी जवारी बघून घेतो. मग निवांत बसू."

त्यांनी कानस उचलली. बाबा एकदम उठले.

"मी चहा सांगून येतो."

"अरं, फोन केला की येतोय चहा."

"नको, नको. मीच जातो. आता कोण करतो इथं चहा, बघू तर दे."

"मी पण!" म्हणत ओजू त्यांच्यामागं पळाली.

चाचांनी घोडीवरून कानस हलकेच फिरवली, फुंकर मारली, तारा वर चढवल्या. बोटात नखी घातली आणि सतार वाजवली.

सुरावट वर चढली, उंबऱ्याशी यावं तशी थबकली, वळून एकदा मागं बघितल्यासारखं केलं आणि घसरत खाली आली. माझे पाय आपोआप हलले. फाटक उघडायला धावणार होते मी.

चाचांनी मान हलवली, पुन्हा कानस फिरवली, पुन्हा तेच वाजवलं.

नीरद पांढराफटक पडला होता. "हे तर... साहेब, हे 'नॅरो गेज' आहे."

"हे? हे आमचं जवारी बघायचं." चाचांनी सतार खाली ठेवली. "पोटातली कळ डॉक्टर एकाच जागी दाबून बघतोय का न्हाई? तसं. आमच्या घरात बाजा कुठलाबी असू दे, घासून झाला की हेच वाजवून बघायचं. कान ह्यालाच सरावलेला. कुठं तार चावती, कुठं मुकी ऱ्हाते, लगेच कळतं. माझ्या आज्ज्यानंबी हेच वाजवलं, त्याच्या आज्ज्यानंबी."

"म्हणजे ही चाल बाबांची नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग दाराकडं एक नजर टाकून हळूच म्हणाले, "तुझा बाप पाळण्यात होता ना, त्या पाळण्याची दोरी ह्या भिंतीपल्याडच्या कडीला. सकाळपास्नं दिवेलागणीपत्तर हेच त्याच्या कानात. एक दिवस माझ्याकडं पळत आला. अश्पाक, राती चाल सुचली! आणि गाऊन दाखवली. मला वाटलं चेष्टा करतोय. तोंड बघितलं त्याचं. चेष्टा नव्हती बाळ. आतनं आली म्हणून नाचत होता. आता त्याला काय सांगणार?"

"आणि तुमचे अब्बा?" नीरदनं विचारलं.

"त्यांना मी सांगितलं की. रेकॉर्ड आली तवा त्यांनी हॉटेलात जाऊन ऐकली. पुन्हा लावायला लावली. मला वाटलं आता बोलत्यात. तर म्हणाले, आपल्या घरात ही पिढ्यान्‌पिढ्या दारापत्तर यायची आणि मागं फिरायची. ह्या पोरानं तिला बाहेर फिरायला नेली. गप ऱ्हा."

"मग भांडण कशावरून झालं तुमचं?"

"भांडण? कुणी सांगितलं? तोच यायचा बंद झाला. म्हणाला, गल्लीत नळाला पाणी येत न्हाई." चाचांनी खांदे उडवले. "आमच्या नळाला तर येत हुतं."

नीरद उठून येरझाऱ्या घालायला लागला. "साहेब, पण हे लिहायला हवं. पारंपरिक म्हणून. तुमच्या घराण्याचं नाव यायला हवं. इतकी वर्षं लोक भांडतायत, आणि उत्तर इथं आहे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सापडलेली गोष्ट आहे ही!"

"तू गोळा करतोस न्हवं?"

"हो."

"मग हेबी ठेव गोळा करून. दाखवायचं न्हाई." चाचांनी कागद पुढं ओढला. "आमच्यापाशी ती नुसती कानस थांबवायची खूण हाय. गाणं त्यानं केलं. त्याला काय ठावं न्हाई, आणि ठावं हुयाचं कारणबी न्हाई. लेकी, तूबी बोलायचं न्हाईस. शब्द दे."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

बाहेर ओजूचा आवाज आला. मागोमाग चहावाला, त्याच्यामागं बाबा. बाबांच्या कानाला आणि गालाला पांढरा चुना लागला होता. मी ओढणीच्या टोकानं पुसला, तसे ते लहान मुलासारखे उभे राहिले.

"कुठं घासलात?"

"गल्ली अरुंद आहे गं."

चहा झाला. बाबा बशीत ओतून प्यायले, बराच वेळ. नीरदनं कागद सरळ केला आणि माझ्याकडं न बघता वाचलं, "शब्द : मधुकर कुंभोजकर. संगीत : मधुकर कुंभोजकर. बरोबर?"

बाबांनी चाचांकडं पाहिलं.

"बरोबर," चाचा म्हणाले आणि झोकात सही केली.

पेन बाबांकडं आलं. त्यांनी ते धरलं, टोक कागदाला टेकवलं आणि उचललं. "गिटारच्या पुढं अश्पाकचं नाव आहे ना?"

"आहे काका."

"त्याच्याखाली अजून एक ओळ घाला. जवारी : कादरसाहेब सतारमेकर."

"जवारीचं नाव कुणी छापतं व्हय?" चाचा म्हणाले. "अब्बांचं कशाला?"

"असू दे. आवाज त्यांचा होता."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नीरदनं ओळ लिहिली. मग बाबांनी सही केली. जावक रजिस्टरात करायचे तशीच, छोटी, ओळीच्या आत मावणारी.

निघताना चाचा दारापर्यंत आले. "येत जा रं मध्या. पाणी येतंय आता नळाला."

"येतो," बाबा म्हणाले. "येईन."

नीरदला स्टेशनच्या रिक्षेत बसवलं. रिक्षा हलता हलता त्यानं मला नमस्कार केला, आणि ओठांवर बोट ठेवावं तसं काहीसं केलं. मग आम्ही तिघं घराकडं चालू लागलो. बाबा आज वळसा न घालता सरळ रस्त्यानं, जरा पुढं चालले होते. हात मागं बांधलेले. काही गुणगुणत नव्हते. एवढं मोठं गुपित त्यांच्यापासून कसं जपायचं, जन्मभर, फाटकापाशी ती शीळ ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हेच मनात चाललं होतं.

ओजूनं माझा हात ओढला. "आई, चहा मी सांगितला. एकटीनं!"

"तू? आणि आजोबा?"

"ते नाही आले दुकानात. मला म्हणाले, समोरच आहे, तू जा. आणि ते कारखान्याच्या बाजूच्या बोळातच थांबले, भिंतीला कान लावून. मी आले तरी त्यांना कळलंच नाही. आत ते दाढीवाले आजोबा वाजवत होते ना, ते संपेपर्यंत ते तसेच उभे होते."

मी थांबले. पुढं बाबाही थांबले होते. आमच्यासाठी वळून उभे होते, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळावर हात धरून.

"आई," ओजू म्हणाली, "दार तर उघडंच होतं. मग आजोबांनी आत बसून का नाही ऐकलं?"